काढा, गोळी आणि मूत्रपिंड

मंडला-दिंडोरीच्या अरण्यप्रदेशाला लागून असलेल्या जबलपुरात जडीबुटी कुणाला परकी वाटत नाही. बैगा वैदूंचे वनस्पतिज्ञान हा तिथे संग्रहालयाचा नव्हे, नित्याचा विषय आहे. रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागलेला मनुष्य म्हणूनच सकाळी टेल्मिसार्टन घेतो आणि रात्री पुनर्नवेचा काढा. डॉक्टरांना काढ्याची वार्ता नसते, वैद्यांना गोळीची नसते; दोहोंची गाठ पडते ती थेट रुग्णाच्या शरीरात.

असे मिश्रण चीनमध्येही होते, परंतु काही ठिकाणी ते उघड्या डोळ्यांनी केले जाते. मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात. त्याच्या जोडीला तेथील काही डॉक्टर ‘वूझी’ हे शिसँड्रा वनस्पतीच्या फळांपासून केलेले औषध देतात. त्यातील द्रव्ये आतडे व यकृतातील सीवायपी३ए या विकराचे कार्य मंदावतात. टॅक्रोलिमस रक्तात अधिक टिकते, मात्रा कमी लागते, खर्चही उतरतो. मात्र हे साधते ते टॅक्रोलिमसची रक्तपातळी वरचेवर मोजली जाते म्हणून. न मोजता हाच प्रयोग केला, तर वाढलेले टॅक्रोलिमस प्रत्यारोपित मूत्रपिंडालाच इजा करील. मूत्रपिंडविकारावरील चिनी वनौषधींच्या पुष्कळ चाचण्या लहान व अल्पकालीन आहेत, हेही सांगितले पाहिजे.

ज्येष्ठमधाचे उदाहरण अधिक घरगुती आहे. चिनी काढ्यांत ते ‘गानत्साओ’ या नावाने सर्रास असते, आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यात. त्यातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे मूत्रपिंडातील कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारे विकर थंडावते. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते: मीठ-पाणी साचते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम बाहेर जाते. सोबत फ्युरोसेमाइड असेल तर पोटॅशियम आणखी घसरून हृदयाची लय बिघडू शकते. पुनर्नवेची दिशा उलटी. तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. दुर्बळ मूत्रपिंडाला तो भार पेलेलच असे नाही. ‘सौम्य’ हे विशेषण इथे फारसे कामाचे नाही.

कधी तर वनस्पतीच चुकते. 1990च्या दशकारंभी ब्रुसेल्समधील वजन घटवण्याच्या उपचारात ‘फांगजी’ म्हणून भलतीच मुळी, ॲरिस्टोलोकिया, दिली गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे त्यात बाधित झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही जडला. दोन चिनी नावांतील साम्य एवढेच निमित्त पुरले. त्याच कुळातील ईश्वरमूळ भारतात सर्पदंशावरील पारंपरिक औषध म्हणून सुपरिचित आहे, हे विसरून चालणार नाही.

जबलपुरात 1988 पासून उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे, कृषी विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मुळी ओळखणारे आणि मूत्रपिंड जाणणारे एकाच शहरात नांदतात. रुग्णाची पिशवी मात्र या दोघांपुढे एकाच वेळी क्वचितच उघडते. उघडली, तर विचारायचे थोडकेच आहे: कोणती वनस्पती, किती, केव्हापासून, आणि काढा सुरू झाल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन किती भरले.