वाफेवरचा पाव

परवा घरी वडापाव करायचा घाट घातला. कारण साधंच. आप्पांना आता जिने उतरवत नाहीत, आणि लालबागच्या नाक्यावरून आणलेला वडापाव चौथ्या मजल्यावर येईस्तोवर गार होतो. मग कवळीने तो पाव तुटत नाही.

वडे मला येतात हो. बटाटा हातानेच कुस्करायचा. आलं-लसूण-मिरची ठेचायची, वाटायची नाही. पिठात चमचाभर कडकडीत तेल. चटणीत सुकं खोबरं, लसूण, तिखट आणि कढईत तरंगणारा पिठाचा चुरा. तो चुरा नसेल तर कसली आलीय वडापावची चटणी! घोडं अडलं ते पावापाशी. लादी आदल्या दिवशीची, फ्रीजमध्ये राहून पार ताठ झालेली. तव्यावर टाकली तर आणखीनच कडक.

आप्पा पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "बटाट्याच्या टोपातलं पाणी उकळव परत. वर चाळण ठेव, ओलं फडकं घाल, त्यात पाव. दोन मिनिटं. जास्त नको, लगदा होईल."

मी बघतच राहिले. आप्पा आणि स्वयंपाक?

आता, वडापाव १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर जन्मला, हे आपण सगळेच सांगतो. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावात कितीतरी जणांनी अशाच गाड्या टाकल्या, हेही ऐकलेलं. आप्पा साचेखात्यात होते, संपात होते, एवढं ठाऊक होतं. पण आठ महिने त्यांनीही परळला गाडी लावली होती, हे परवा कळलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तीही कधी बोलली नाही. उरलेले पाव सकाळी बटाट्याच्या टोपावर वाफवायचे, ही युक्ती तिची.

"कधी सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? साच्यावरचा कोणी ओळखीचा आला की मी गाडीमागे वाकायचो. भांडी घासतोय असं दाखवायचं. पैसे तीच घ्यायची."

पुढे मला काही विचारवलं नाही. वडे तळत राहिले.

पाव मात्र मस्त फुलले, कापसासारखे. आप्पांनी दोन खाल्ले. "चटणीत लसूण कमी आहे," म्हणाले. (होतीच कमी. त्यांच्या पित्तासाठी मीच हात आखडता घेतला होता.)

दुसरा घाणा काढून वळले तर चाळणीपाशी तेच उभे, हातात फडकं.

"तू वडे बघ," म्हणाले. "पाव माझ्याकडे."