पिल्लूने सांगितलेला ताप

बदलापूर (पूर्व),
आषाढ वद्य द्वादशी

चि. सौ. छकुलीस,


परवा मी फोन केला तो पिल्लूने उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाबांना ताप आहे, उद्या येतील." ऑफिसचा फोन वाटला तिला. आवाज इतका सराईत, की माझेच हातपाय गार पडले. मग तू फोन घेतलास आणि काही घडलंच नाही अशा सुरात म्हणालीस, "मावशी, त्या मीटिंगचा पत्ता नि वेळ तेवढी कळव. दादरची असली तर बरं. मीच यांना दारापर्यंत सोडून येईन." पत्त्याला एक ओळ पुरली असती. पण तो ताप दोन दिवस माझ्या डोक्यातून उतरत नाहीये.

आधी दादरचं. इथे कोणी ओळखीचं भेटेल, हीच ना भीती? भेटलं तर तेही त्याच कामाला आलेलं असेल. आणि तुमचा मजला अंबरनाथच्या रिक्षा स्टँडला पाठ आहे, तिथे कसली लपवाछपवी करतेस? दादरला सभा संपणार, मग कर्जत लोकलला लोंबकळत यायचं आणि उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या त्या बारच्या पाट्यांसमोरून एकट्याने घरी जायचं. किती दिवस जमेल? तुझे काका दारूपासून दूर टिकले ते सभेची जागा चालत जाण्याइतकी जवळ होती म्हणून. 2005 च्या पुरानंतर घरात गुडघाभर चिखल होता, तरी हे छत्री घेऊन निघाले. मी भांडले. परत आल्यावर म्हणाले, तिघे आले होते, पुरे झालं.

सभेत नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही. फी नाही. पिशवी फिरते, जमलं तर दहा रुपये टाकावे, नाहीतर पुढे सरकवावी. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. खुली सभा असेल तर तूही बसू शकतेस. बंद सभेला नाही.

माझ्या जुन्या डायरीतले वार-वेळा तुला देत नाही. शाळेचा वर्ग जातो, सभा दुसरीकडे भरते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचं देशाचं कार्यालय भायखळ्याला आहे, तिथे चौकशी केली की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकडचं कळेल. 14446 हा सरकारचा मोफत नंबरही आहे. मात्र फोन जावईबापूंनी करायचा. तू नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेव आणि तिथून उठ.

हट्टी म्हण मला. पण ही चळवळच मुळी एका बेवड्याने स्वतः केलेल्या फोनातून निघाली. मे 1935, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल नावाचा माणूस धंद्यात तोंडघशी पडून हॉटेलात उभा. एका बाजूला बारमधला कलकलाट, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. चर्चची यादी बघून तो फोन लावत सुटला: मला बोलायला कोणीतरी दारुडा हवाय! सापडले डॉक्टर बॉब. पंधरा मिनिटं देतो म्हणाले आणि रात्रीपर्यंत बसले. 10 जूनला बॉबनी शेवटचा घोट घेतला, तोच या संघटनेचा वाढदिवस. मुंबईत पहिली सभा 1957 साली झाली.

पण मला जवळची वाटते ती बिलची बायको, लोइस. नवरा सुधारला आणि हिला राग! एकदा तो मीटिंगला चल म्हणून घाई करत होता, तर हिने त्याच्या अंगावर बूट भिरकावला. मला ते वाचून हसू आलं नाही. माझे सोळा सोमवार, तुझ्या आजीच्या शपथा, सगळं वाया गेलं आणि सभेतल्या कुठल्याशा अनोळखी वेल्डरच्या दोन वाक्यांनी हे शुद्धीवर आले. किती जळले होते मी! त्याच लोइसने 1951 मध्ये घरच्या माणसांसाठी अल-अनॉन उभं केलं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात डॉ. अनिता अवचटांनाही घरच्यांची ही गरज कळली होती. तिथे बायकांचा 'सहचरी' गट आहे. दारापर्यंत सोडून यायचंच असेल ना, तर स्वतःला अशा एखाद्या दारापर्यंत सोड. तिथे तुला पहिल्यांदा विचारतील, ऑफिसला कोण फोन करतं? तेव्हा पिल्लूचं नाव घेशील?

तीन दिवसांनी अमावास्या. दिव्यांची अवस ती, पण आता सोसायटीच्या ग्रुपवर नुसते गटारीचे विनोद. त्यातले दोन तूच पुढे पाठवलेस, छकुली. मला आलेत.

आणि एक, हे मुख्य. अमावास्येला घराला कुलूप लावून त्यांना एकदम कोरडं ठेवायचा बेत असेल तर थांब. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, झटकेसुद्धा येतात, भास होतात. जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखव. रात्री काही झालं तर सकाळची वाट न बघता उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठ. रिक्षावाल्याला खरं सांग, तो जोरात नेईल. हात आत्ताच थरथरतात का गं सकाळी? तू म्हणाली होतीस, चहा कपातून सांडतो. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

पत्र मिळताच फोन कर. पिल्लूला अमावास्येला माझ्याकडे धाड, समया घासायला कोणी नाही. माझ्याकडचा फोन उचलताना ती काय म्हणते, ते मी ऐकणार आहे.

तुझी,
मावशी