कोलासुराच्या पाळीवर

नवेगाव बांधचा तलाव आमच्या घरच्या देवधर्मात कधी येऊन बसला, सांगता येत नाही. धानाचे परे टाकण्याआधी आजा पाळीवर जायचा, नारळ फोडायचा आणि सातबहिणीच्या डोंगरांकडे हात जोडायचा. तिथे कोलासूर. म्हणजे कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या आरंभी डोंगरांमधलं पाणी अडवून त्यानं हा तलाव बांधला आणि लोकांनी पुढे त्यालाच देव केलं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं, की पाऊस देव देतो आणि पाणी कोलासूर सांभाळतो.

एका वर्षी पावसानं ओढ दिली. परे पिवळे पडले, बांध्यांना भेगा गेल्या. मग नहराला तलावाचं पाणी आलं आणि रोवणी झाली. तेव्हा विश्वास ठेवणं सोपं होतं.

पुढे त्याच बांधीत धान निंदताना बाबांना साप चावला. ते गेले. मी आजाला रागानं विचारलं, "तुझ्या देवानं काय सांभाळलं?" आजा काही बोलला नाही. त्याचाही मुलगाच गेला होता. धुरा फुटून पाणी वाहत होतं. त्यानं फावडं घेतलं आणि धुरा बांधायला गेला. दिवाळीनंतर गावातल्या माणसांनी आमचं धान कापलं, पुंजणे घातले, चुरूनही दिलं. मजुरी कुणी घेतली नाही.

बाबांनाच का नेलं, हे मला आजही कळलेलं नाही. देवाला ठाऊक असेल, असं मी मानतो, आणि मनापासून मानतो. कारण त्याची माया मी पाहिली आहे. ती फावडं धरलेल्या हातांनी आली. आमच्या तोंडचा घास ज्या पाण्यावर पिकला, ते अडवणाऱ्या माणसाला आमचं नावही माहीत असणं शक्य नव्हतं. देवाला मात्र ते तेव्हाही ठाऊक होतं, असं मला वाटतं.

मालगुजारी गेली, इथले जुने तलाव सरकारकडे आले. लोक त्यांना आता मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. कितीतरी गाळानं भरलेत. आमच्या गावची बोडीही भरली आहे. उन्हाळ्यात, मृगाआधी, तिचा गाळ काढायचा आहे. ज्याला जमेल त्यानं फावडं घेऊन यावं.