पारचा पूल

प्रतापगड बघून माणसं वरच्या वर परत जातात. गडाच्या पायथ्याशी पार गाव आहे, तिथे कोयनेवर दगडी कमानींचा एक जुना पूल आहे, त्याच्याकडे क्वचितच कुणी वळतं. मला मात्र गडापेक्षा पूलच जास्त ओढतो.

हा पूल शिवकाळातला मानला जातो. 1656 मध्ये जावळी स्वराज्यात आली, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला आणि पारघाटाची वाट शिवाजी महाराजांच्या हाती आली. ही वाट महाडकडून चढून वाईकडे जाणारी. चाकाची गाडी इथे चालणं शक्यच नव्हतं. माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. कोकणातलं मीठ वर, देशावरचं धान्य खाली. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण लादलेला बैल भरल्या नदीत उतरवायचा, म्हणजे बैलही गेला आणि मीठही विरघळलं. त्या मिठासाठीही हा पूल हवा होता.

मी कोरड्या दिवसांत नदीच्या पात्रात उतरून पाहिलं. पाणी येतं त्या बाजूला खांबांना होडीच्या नाळेसारखं टोक काढलंय. लोंढा टोकावर फुटायचा, दोन बाजूंनी निघून जायचा. एका टोकाच्या फटीत गेल्या पुरातलं वाळकं गवत आणि एक मुळी घट्ट अडकून बसली होती. दगडावर हात ठेवला. वर ऊन असूनही तो गार होता. पावसाळ्यातली कोयना ज्याने पाहिली असेल, त्यालाच हे टोक काढणाऱ्या पाथरवटाची जाण कळेल.

याच पारला कोयनेकाठी अफझलखानाची छावणी पडली होती. 10 नोव्हेंबर 1659 ला गडाखाली महाराजांची आणि खानाची भेट झाली आणि मराठ्यांनी छावणीवर झडप घातली. त्या दिवसावर पोवाडे झाले. बैलांच्या रोजच्या फेऱ्यांवर कोण रचणार? पण राज्य त्या फेऱ्यांवरही चालत होतं, असं मला मनापासून वाटतं. पुढे 1870 च्या दशकात इंग्रजांनी आंबेनळी घाटाचा रस्ता काढला, वर्दळ तिकडे वळली आणि पारघाट ओस पडला.

पूल मात्र थांबला नाही. बैलांच्या खुरांसाठी बांधलेल्या त्या कमानींवरून आज गाड्या जातात. प्रतापगडाला जाल तेव्हा पारला उतरा. पुलावरून नुसतं जाऊ नका, खाली पात्रात जाऊन त्या खांबांची टोकं बघा.