गर्द निळी

काळी किंवा गर्द निळी गाडी घेऊ नये, असे आमच्या वर्ध्यात कुणीही सांगतो. एक कारण ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गर्द रंग ते सारे ऊन पिऊन घेतो. दुसरे कारण धूळ. पण खरे कारण तिसरेच आहे आणि ते गाडी वर्षभर वापरल्याशिवाय कळत नाही. गर्द रंगात काही लपत नाही. चरे पांढऱ्या गाडीवरही तितकेच असतात, पण ते उजेडात हरवून जातात. गर्द गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे दिसते. ते जाळे कुणी मुद्दाम मारलेल्या ओरखड्यांचे नसते. आपणच रोज सकाळी मोठ्या प्रेमाने फडका मारतो, त्याचे असते.

आमच्या घरची गाडी अशीच गर्द निळी होती. अब्बांनी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर हौस म्हणून ही जुनी गाडी घेतली. अम्मीला गिरडला बाबा फरीदांच्या दर्ग्यावर नेणे, मामूंकडे आर्वीला जाणे, एवढाच तिचा प्रवास. पुढे अब्बांची नजर कमी झाली. रात्रीची गाडी बंद झाली, मग दिवसाचीही. त्याच वर्षी छोटीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची तारीख आली. गाडी विकायचे ठरले. कुणी फारसे बोलले नाही. अब्बांनी फक्त किल्ली काढून टेबलावर ठेवली.

बाहेर रबिंग-पॉलिशचा जो भाव सांगितला, त्यात छोटीची पुस्तके आली असती. म्हणून आम्ही दोघा भावांनी ते काम घरीच करायला घेतले.

या कामात निम्मी मेहनत धुण्यातच जाते आणि घाई होते तीही तिथेच. आम्ही फजरनंतर लगेच सुरुवात करायचो, कारण त्या वेळी पत्रा थंड असतो. तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी पुसण्याआधीच वाळते आणि डाग पाडते. पाण्याचेही पाहावे लागते. आमच्या बोअरचे पाणी जड. त्याचा थेंब वाळला की चुन्याचा पांढरा ठिपका उरतो आणि निळ्या रंगावर तो चंद्रासारखा उठून दिसतो. म्हणून नळाचे साठवलेले पाणी वापरायचे आणि लगेच कोरडे करायचे. आधीचे ठिपके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून पुसले की निघतात, मात्र नंतर तो भाग स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो. बादल्या दोन हव्यात, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. कापड प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचे, मगच साबणात बुडवायचे. नाहीतर जी माती काढली तीच पुन्हा गाडीवर फिरते. मुरमाच्या रस्त्यावरची धूळ हाताला मऊ लागते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. कोरड्या फडक्याखाली ते पॉलिश-पेपरचे काम करतात. गाडी रोज झटकणारा माणूस गाडीची काळजी घेतो असे लोक म्हणतात. आमच्या मते तोच तिचा पहिला शत्रू.

कापडाची गंमत वेगळीच. सारा जिल्हा कापसाचा, सेवाग्रामला सूतकताईचा इतिहास, घरात जुन्या मलमलच्या ओढण्यांचा ढीग. पण या कामाला उत्तम ठरले ते मायक्रोफायबर, म्हणजे निव्वळ कृत्रिम धागा. त्याच्या बारीक तंतूंत धूळ अडकते, पत्र्यावर घासली जात नाही. अब्बांना हे मुळीच पटले नाही. जन्मभर रुई पाहिलेल्या माणसाने ते कापड दोन बोटांत चोळून पाहिले आणि "इसमें जान नहीं है" म्हणून परत दिले. शेवटचा हात मारायला त्यांनी अम्मीची जुनी मलमलची ओढणी दिली, तिची शिवण कापून. शिवण आणि बटण ओरखडा काढतात, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

आपण बोलताना सगळ्यालाच पॉलिश म्हणतो, पण कामे दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. पॉलिश काढते, मेण झाकते. आजकालच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो आणि चरे पडतात ते त्या थरात. पॉलिशमधले बारीक कण चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणतात, म्हणून चरा दिसेनासा होतो. हा सगळा थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. दरवेळी घासले की तो थोडा कमी होतो आणि पुन्हा भरून येत नाही. पांढऱ्या कापडावर निळा रंग उतरू लागला तर समजायचे की पारदर्शक थर संपला, किंवा तो तिथे नव्हताच. चऱ्यावरून नख फिरवून पाहायचे. नख अडकले तर तो चरा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नये. कडा आणि घड्यांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे हात हलका ठेवावा. आम्ही दोन-दोन फुटांचा तुकडा घेऊन सरळ रेषेत हात चालवत होतो. हाताने केलेले काम हळू होते, पण रंग जाळण्याची भीती नसते.

मेणाची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. चांगले मेण कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून मिळते. हे झाड ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातले. उन्हाळ्यात अंगातले पाणी उडू नये म्हणून ते स्वतःच पानांवर मेण चढवते. हे मेण ८० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून आमच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवरही तग धरते. लावायचे मात्र अगदी पातळ. जाड थराने चमक वाढत नाही, पुसणाऱ्याचे खांदे तेवढे दुखतात. मेण धुरकट झाले की बोट फिरवून पाहावे, खाली स्वच्छ चमक दिसली की पुसून घ्यावे. काळ्या प्लास्टिकवर मेण लागले तर पांढरट डाग राहतो, म्हणून तिथे आधी चिकटपट्टी लावावी. जमिनीवर पडलेले कापड पुन्हा गाडीला लावू नये. पावसाच्या पाण्याचे गोल थेंब बसेनासे झाले की मेण संपले असे समजावे. इकडच्या हवेत ते दोन-तीन महिन्यांवर टिकले तर नशीब.

इथपर्यंत सारे ठीक चालले होते. प्रश्न आला तो डाव्या मागच्या दाराचा. देवळी रस्त्यावर एकदा कापसाची बंडी वळताना त्या दाराला घासली होती. दार ठोकून, लांबी भरून पुन्हा रंगवले होते. सावलीत काही कळत नसे. उन्हात मात्र तो निळा बाकीच्या निळ्याहून जरा वेगळा वाटे आणि त्यावर चऱ्यांचे जाळेही दाट होते. मोहल्ल्यातल्या एका जाणकाराने दोन उपाय सांगितले. एक, गिऱ्हाईक येण्याआधी डिझेलचा हात फिरवायचा. दुसरा, बाजारात एक पॉलिश मिळते, ते चरा काढत नाही, भरून टाकते. चार-सहा धुण्यांनंतर चरे पुन्हा वर येतात, पण तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात असते. धाकट्याने तो डबा आणलाही.

अब्बांनी विचारले, हे काढणारे आहे की झाकणारे? आम्ही म्हणालो, झाकणारे. मेणही झाकतेच की, असे धाकट्याने वर ऐकवले. अब्बा म्हणाले, मेण उद्याच्या उन्हापासून झाकते. हे कुणापासून झाकणार?

मग ते कापसाबद्दल बोलू लागले. बाजारात बंडी आली की वरचा कापूस कुणी पाहत नाही. ग्रेडर कोपरापर्यंत हात आत घालतो, कारण ओल आत असते. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा पुरा भाव घेतो, १२ च्या पुढे माल घेत नाहीत. वजन वाढावे म्हणून आत पाणी शिंपडलेला कापूस अब्बांनी पुष्कळ पाहिला होता आणि शिंपडणारे सगळे लबाड नव्हते, हेही ते सांगत. कुणाच्या घरी लग्न असे, कुणावर सावकाराचे कर्ज. धान्याच्या राशीत हात घालून ओल दाखवल्याची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही सांगतात. अब्बांनी ती सांगितली नाही. ते नुसते म्हणाले, "जो है, वो दिखा दो."

धाकटा दोन दिवस बोलला नाही. त्याचेही चुकत नव्हते. फीची तारीख कुणासाठी थांबणार नव्हती आणि दाराची किंमत गिऱ्हाईक किती लावेल, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही त्या दारावर साधे पॉलिश केले, जेवढे निघायचे तेवढे काढले आणि बाकी गाडीसारखेच मेण लावले. डबा परत करायला गेलो तर दुकानदाराने घेतला नाही. तो अजून माळ्यावर आहे.

रविवारी हिंगणघाटहून गिऱ्हाईक आले. दोघे जण, बोलण्यावरून शेतकरी घरचे. सकाळचे दहा वाजले होते आणि गाडी अशी चमकत होती की अम्मी खिडकीतून पाहत राहिली. अब्बांनी गाडी सावलीतून काढून उन्हात उभी करायला सांगितली. त्यांना स्वतःला तेव्हा दाराची कड नीट दिसत नव्हती. हाताने चाचपत ते डाव्या मागच्या दारापाशी गेले, पाहुण्याचा हात धरला आणि तो दारावर फिरवून म्हणाले, "हे दार रंगवलेलं आहे, बघून घ्या."

त्यांनी भाव पाडलाच. आम्ही मनात धरला होता त्यापेक्षा जास्त पाडला. चहा झाला, पुन्हा बोलणी झाली, थोडे वर आले आणि सौदा ठरला. फीला जे कमी पडले ते मामूंनी दिले. आम्ही ते पुढच्या दिवाळीपर्यंत फेडले.

निघताना त्यातल्या मोठ्या भाऊंनी विचारले, रंग असा ठेवायला काय लावता? धाकटा आत गेला आणि उरलेले मेण, दोन मायक्रोफायबर आणि अम्मीच्या ओढणीचा तुकडा घेऊन आला. उन्हात लावू नका आणि कोरडा फडका मारू नका, एवढे त्यांना दोनदा सांगितले.