पिकअपच्या ब्रेकमधली एअर

जुन्या पिकअपच्या ब्रेकने एअर धरली असेल तर ते सगळ्यांत आधी पायाला कळते. पेडल मऊ लागते, खाली जाऊन मग धरते, आणि दोन-तीन पंप मारले की वर येते. पण एवढ्यावरून एअर ठरवणे घाईचे. मागच्या ड्रममधले लायनर झिजून शू आणि ड्रममध्ये अंतर पडले, तरी पेडल असेच वागते. खरा फरक पेडल वर आल्यावर कळतो. दोष अंतराचा असेल तर ते टणक लागते; एअर असेल तर वर येऊनही पायाखाली दबत राहते. म्हणून आधी शू अ‍ॅडजस्ट करावेत, मग एअर काढायच्या निपलला पाना लावावा. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेले असते. तिथे कितीही एअर काढली तरी व्यर्थ.

शंका उरलीच तर ऑइलच्या डबीत बघावे. भराभर पंप मारून पेडल दाबून धरायचे आणि एकदम सोडायचे. आत दबलेली एअर असेल तर ती फुगते आणि ऑइलला मागे ढकलते. डबीत ऑइल जोरात उसळते. थोडी हालचाल नेहमीचीच असते, उसळी वेगळी ओळखू येते. टँडेम सिलिंडरच्या डबीला दोन कप्पे असतात. ज्या कप्प्यात उसळी, त्या लाइनीत एअर. तोंड मात्र डबीपासून लांब ठेवावे, कारण हे ऑइल डोळ्यांना वाईट आणि रंगालाही.

चारही चाकांची एअर नीट काढली, निपलमधून बुडबुडा येईना, तरी पेडल मऊच, असा प्रसंग जुन्या पिकअपवर वारंवार येतो. अशा वेळी नजर मागच्या अ‍ॅक्सलजवळ चॅसिसला बसवलेल्या एलएसपीव्हीकडे वळवावी. हौदात माल किती आहे त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब कमी-जास्त सोडणारा हा व्हॉल्व्ह. त्याचा दांडा किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी चॅसिसखाली जॅक लावून उचलली की अ‍ॅक्सल खाली लोंबतो, दांडा ओढला जातो आणि व्हॉल्व्हला गाडी रिकामी भासते. तो मागचा दाब रोखतो, ऑइल मंद वाहते, आणि वरच्या कोपऱ्यात अडकलेला बुडबुडा जागचा हलत नाही. गाडी चाकांवर उभी असताना, जमल्यास हौदात वजन टाकून, मागची एअर काढावी. नाहीतर स्टँड तरी अ‍ॅक्सलखालीच लावावेत. काही गाड्यांत या व्हॉल्व्हलाच स्वतंत्र निपल असते. वर्षानुवर्षांच्या चिखलाखाली ते दिसत नाही, आणि बरेच जण तिथे ब्रश मारण्याचेही कष्ट घेत नाहीत. उलट दांडा तारेने बांधून टाकणारेही आहेत. माल वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा गुन्हाच म्हणायचा.

एअर अडकण्याची दुसरी जागा पुढच्या चाकांची. दुरुस्तीत डावे-उजवे कॅलिपर बदलून बसले की निपल खालच्या बाजूला जाते आणि एअर वर कोंडून राहते. त्यावर ऑइलचे डबेच्या डबे ओतले तरी उपयोग नाही.

गॅरेजात हाताखाली पोरगा असे तेव्हा ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ एवढ्या तीन शब्दांत हे काम चाले. आता एकट्याने काम करणारे बरेच, म्हणून ओढून काढणारे व्हॅक्यूम यंत्र आले. वेळ वाचतो हे खरे. पण सैल केलेल्या निपलच्या आट्यांतूनही हवा आत खेचली जाते, आणि नळीत दिसणारे बुडबुडे ब्रेकमधले की बाहेरचे, ते सांगता येत नाही. निपल उघडून ऑइल आपोआप गळू देणे, डबी रिकामी न होऊ देता वाट पाहणे, ही जुनी रीत संथ असली तरी फसवत नाही. शिवाय जुन्या सिलिंडरवर तीच दयाळू आहे. पेडल पार तळापर्यंत दाबले की एरवी न वापरलेल्या गंजक्या भागात सील जाते आणि त्याची कड कापली जाते. चांगला सिलिंडर एअर काढतानाच मरतो. पंप मारायचेच असतील तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. हे सगळे यंत्राशिवाय, नुसत्या पायाच्या अंदाजावर जमते याचा जुन्या मिस्त्रींना अभिमान असतो. स्तुती ऐकण्याची हौसही त्यात असते, पण ती हौसच पेडल पुन्हा पुन्हा तपासायला लावते.

आणखी एक दोष नुसती एअर काढून सुटत नाही. नाशिकहून कांदा भरून कसारा घाट उतरणारी गाडी खाली मऊ पेडल घेऊन येते आणि गार झाल्यावर ठीक होते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस हवा, पाणी शोषल्यावरचा किमान १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. घाटातल्या उष्णतेत जुने ऑइल उकळते, वाफ दबते, गार होताच ती विरते आणि तपासताना काहीच सापडत नाही. इथे सगळे ऑइल बदलावे लागते, तेही सीलबंद डब्यातले. महिनोन्‌महिने फळीवर उघडा राहिलेला डबा चालणार नाही.

काम झाल्यावर निपलांना रबरी टोप्या घालाव्यात. इंजिन बंद ठेवून बूस्टरचा व्हॅक्यूम संपेपर्यंत पंप मारावेत, पाय दाबून धरावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन तिथेच थांबले पाहिजे. नंतर गाडी आधी रिकामी, मग माल भरून, सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक लावून पाहावा.