सायलेन्सर आणि स्टोव्हची पिन

मोटारसायकलच्या इंजिनावर मी कधी काही लिहीन असे मला स्वतःलाही वाटले नव्हते. पण गेल्या गळीत हंगामात आमच्यावर जो प्रसंग आला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांची जुनी आरएक्स १०० आहे. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती. ही गाडी १९९६ मध्येच निघायची बंद झाली, तरी श्रीरामपुरातली पोरे अजून तिच्यावर जीव टाकतात. धाकट्या भावजींना तिचा जोर वाढवायचा होता. त्यांनी सायलेन्सरमधली नळी काढली, एअर फिल्टरही काढून टाकला. आवाज असा फुटला की शेजारचे तान्हे बाळ दचकून उठायचे. सासूबाई म्हणाल्या, "आवाज वाढलाय रे, जोर कुठंय?"

दोनच आठवड्यांनी हे आणि मी बाभळेश्वरच्या रस्त्याने निघालो होतो. एकाएकी गाडी किंचाळली आणि मागचे चाक जागीच धरले. यांनी झटकन क्लच दाबला म्हणून चाक सुटले, आम्ही कसेबसे कडेला आलो. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येत होता, तो अगदी घासून गेला. मिनिटभर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मिस्त्रींनी प्लग काढून दाखवला. पांढराफटक! "वहिनी, हा दुधाच्या चहासारखा तपकिरी हवा," ते म्हणाले. पिस्टन तापून चिकटला होता.

मला आईचा पंपाचा स्टोव्ह आठवला. निपलच्या भोकातून रॉकेल किती येते आणि हवा किती मिळते, यावर ज्योत निळी की पिवळी ते ठरायचे. कार्बोरेटरमधला जेट म्हणजे तसेच भोक. भावजींनी हवा वाढवली, पेट्रोल तेवढेच ठेवले. अशा मिश्रणावर इंजिन भलतेच तापते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आपल्या उसाचेच म्हणा ना! एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. म्हणजे जुन्या जेटला हवा आणखीच जास्त.

आणि टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा फुगीर आकार उगीच नसतो. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट आत आपटून परत येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. मन मानेल तसा तो कापला, की आवाज मिळतो आणि ताकद धुराबरोबर जाते. शिवाय कंपनीच्या रचनेत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला चालत नाहीत, ते वेगळेच.

सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन घातला, जेट एका नंबराने वाढवला, नवा फिल्टर बसवला. काढलेली नळी माळ्यावर सापडली. तिच्यावर वर्षानुवर्षांची काजळी, ती साफ करणे मात्र माझ्याकडे आले. लोखंडी बादलीत पाणी घेऊन त्यात थोडा थोडा कॉस्टिक सोडा टाकायचा (सोड्यावर पाणी कधी ओतू नका), हातात रबरी मोजे, मुले लांब, आणि रात्रभर भिजवायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तूला मात्र सोडा लावू नका, खाऊन टाकतो.

गाडी आता चढावरही दोघांना घेऊन सहज जाते. भावजींनी एक चक्कर मारली आणि तोंड पाडून आले. "जोर आलाय वहिनी, पण आवाज नाही येत."

"बरं झालं," सासूबाई आतून म्हणाल्या.